जाब एकाला, चावी दुसऱ्याकडे

साथ आली की महापालिकेत माईकपुढं उभे राहतात ते आरोग्यप्रमुख. रुग्ण किती, व्हेंटिलेटरवर किती, घरं किती तपासली, सगळं त्यांनी सांगायचं. पाणी कुठून आलं, गाळलं होतं का, जलवाहिनी ड्रेनेजला खेटून जाते का, हेही त्यांनाच विचारायचं. त्यातल्या एकाही व्हॉल्व्हवर त्यांचा हुकूम चालत नाही. पाणीपुरवठ्याचे मुख्य अभियंता वेगळे, ड्रेनेजचे वेगळे, घनकचऱ्याचे उपायुक्त वेगळे, बांधकाम परवानगीचा कारभार तर पूर्ण वेगळ्या मजल्यावर. आजार मात्र एकट्या आरोग्य खात्याचा.

जानेवारी २०२५, पुणे, सिंहगड रस्ता. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांतून गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत दाखल होऊ लागले. आधी जुलाब, पोटदुखी. मग काही दिवसांनी पायांतली ताकद जाते, हात उचलत नाहीत, काहींचा श्वास यंत्रावर चालवावा लागतो. प्रतिकारशक्ती जंतूला सोडून स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते. पुणे परिसरात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, माणसं दगावली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला. हा जंतू दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो.

नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. हद्द आली, मिळकतकराचे वाद आले, बांधकामं तर आधीपासूनच येत होती. जलशुद्धीकरण केंद्र आलं नाही. विहिरीतलं पाणी, त्यात क्लोरीन, आणि तिथून सरळ लोकांच्या नळाला. गाळण्याची पायरीच नव्हती. धरण उशाशी असलेल्या वस्तीची ही अवस्था.

साथ पसरल्यावर खासगी आरओ प्रकल्पांना टाळी लागली, कमला नेहरू रुग्णालयात खाटा राखून ठेवल्या, पाणी उकळून प्या म्हणून घरोघर सांगितलं गेलं. ही कामं योग्यच होती आणि ती करणाऱ्या परिचारिका, आशा, आरोग्यसेवकांनी ती जीव तोडून केली. माझा प्रश्न त्याआधीच्या साडेतीन वर्षांचा आहे. त्या साडेतीन वर्षांत आरोग्य खात्यातल्या कुणाला कागदावर लिहिता आलं असतं का, की हे पाणी गाळल्याशिवाय देऊ नका, आणि तोवर टँकर लावा? लिहिलं असतं तरी ते पाळायला पाणीपुरवठा विभाग बांधील होता का? नव्हता. कायद्यानं अधिकार आयुक्तांचे. आरोग्य अधिकाऱ्याकडे येतात ते आयुक्तांनी सोपवलेले, आणि तेही सोपवले तेवढेच. जाब विचारायला नगरसेवकही नव्हते. मार्च २०२२ पासून पुण्यात प्रशासकाचं राज्य होतं.

या सदरात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती नागरिकांवर चालवायचे अधिकार ढीगभर आहेत. स्वतःच्या महापालिकेवर चालवायचा एकही नाही.

तुमच्या सोसायटीच्या टाकीचं झाकण घट्ट नाही, कुंडीखालच्या बशीत डासाच्या अळ्या आहेत? नोटीस येते, दंड होतो. व्हायलाच हवा. २०२४ मध्ये पुण्यात झिका आला, तो पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पण रस्ता खोदून महिनोन् महिने पाण्यानं भरलेला खड्डा ठेवणाऱ्या महापालिकेच्याच ठेकेदाराला नोटीस कुणी द्यायची? कीटकनाशक विभागाचा निरीक्षक त्या खड्ड्यात तेल टाकून पुढं जातो. त्याच्या हातात तेवढंच आहे.

खेड्यात पाणी तपासून जाब विचारायचं काम जास्त धीटपणे होतं. प्राथमिक आरोग्य केंद्राचा आरोग्यसेवक गावात येतो, नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतो, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतो. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर त्या दिवशी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेली नाही, किंवा टाकली ती पोत्यातच दमट होऊन मेलेली होती. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, एवढं त्या आरोग्यसेवकाला तोंडपाठ असतं. गावातली भाषाही ठरलेली असते: आज ओटी पॉझिटिव्ह, आज निगेटिव्ह. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गावातल्या प्रत्येक स्रोताची पाहणी होते. विहिरीभोवती उकिरडा आहे का, वाहिनी गळते का, व्हॉल्व्ह गटारात बुडालाय का, टीसीएलचा साठा पुरेसा आहे का आणि तो कोरड्या जागी ठेवलाय का. मग ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. धोका कमी असेल तर हिरवं, मध्यम असेल तर पिवळं, जास्त असेल तर लाल. लाल कार्डाच्या गावांची यादी वर्तमानपत्रात येते. सरपंच चिडतो, ग्रामसेवक धावपळ करतो, जलसुरक्षकाला बोलावणं जातं. चार महिन्यांनी व्हॉल्व्ह गटाराबाहेर आलेला असतो.

हे का जमतं? कार्ड देणारी संस्था एक, पाणी देणारी दुसरी. आरोग्यसेवक जिल्हा परिषदेचा, विहीर ग्रामपंचायतीची. म्हणून तोंडावर सांगता येतं. शहरात पाणी देणारा अभियंता आणि पाणी तपासणारा डॉक्टर एकाच आयुक्ताच्या हाताखाली. एकानं दुसऱ्याला लाल ठरवलं तर ते प्रकरण आयुक्तांच्या दालनात मिटतं. तुम्हाआम्हाला कळतं ते साथ आल्यावर. अडीच हजार वस्तीच्या गावाला जी तपासणी लागू आहे, ती अडीच लाख वस्तीच्या प्रभागांना लागू करायला काय हरकत आहे? प्रत्येक पाण्याच्या टाकीला कार्ड द्या. कार्डावर सही आरोग्य अधिकाऱ्याची असू द्या. ते क्षेत्रीय कार्यालयाच्या दारावर लावा.

(ग्रामीण व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणत नाही. तिथंही प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, आणि ग्रामीण रुग्णालय राज्य सरकारच्या जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. एकाच तालुक्यातल्या एकाच बाळंतिणीसाठी दोन साहेब. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

अधिकार मागताना आपल्याच इतिहासाचं भान ठेवलं पाहिजे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत गाठीच्या प्लेगचं निदान केलं ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. गोव्याचे डॉक्टर, मांडवीत दवाखाना, आणि महापालिकेचे सदस्य. पुढं १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. रुग्णाची गाठ हातानं तपासणारा माणूस सभागृहातही बसलेला होता, म्हणून प्लेगची गोष्ट दवाखान्यातून सभागृहापर्यंत पोचायला मध्ये कुणी लागलं नाही.

त्यानंतर सरकारनं जे केलं ते वेगळं. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या प्लेग समितीनं घराघरांत गोरे सोजीर घुसवले. माजघरं उघडली, देवघरं उधळली, माणसं अलगीकरणाच्या तळांवर नेली. २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच रोगानं गेल्या. त्यांच्या हातात कोणताही कायदा नव्हता, आणि तरी लोक त्यांच्याकडे येत होते.

तो १८९७ चा कायदा आपण २०२० मध्येही बाहेर काढला. सव्वाशे वर्षं झाली तरी साथीच्या कायद्याचा रोख रोग्याकडेच. रोग्याला थांबवा, कोंडा, दंड करा. रोग जिथून निघतो त्या वाहिनीच्या, त्या नाल्याच्या, त्या परवानगीच्या मालकाला कोंडायचं कलम त्यात नाही. अधिकाराची दिशा वळवा, एवढीच माझी मागणी आहे. घराकडून महापालिकेकडे.

अधिकाराला माहितीची जोडही लागते. मुंबईत १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातल्या हिवतापाचा शोध घेतला, तेव्हा मूळ सापडलं ते खासगी वाड्यांतल्या विहिरींत. तिथं अॅनोफिलीस स्टीफेन्सी डास वाढत होता. डॉ. टर्नर तेव्हा महापालिकेचे आरोग्य अधिकारी होते. विहिरी बुजवायच्या म्हटल्यावर पारशी आणि हिंदू कुटुंबांनी धर्माचा आक्षेप घेतला, आणि त्या आक्षेपात तथ्य होतं. त्यांच्या पूजेला विहिरीचंच पाणी लागत होतं. वर्षानुवर्षं वाद झाले. अखेर काही विहिरी बुजवल्या, काहींवर बंद झाकणं आणि डास अडवणारी जाळी बसवून पाणी घ्यायची सोय ठेवली. कोणती विहीर, कोणता डास, कोणत्या घराची अडचण काय, हे माहीत असलेल्या खात्यालाच अशी तडजोड करता येते. सरसकट धूरफवारणी करून फोटो काढण्यानं हे कधी झालेलं नाही. फवारणीनं उडते डास मरतात. टाकीतल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्यानं उडतात.

माहितीचं दुसरं उदाहरण अहमदाबादचं. मे २०१० मध्ये तिथं पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू मोजकेच. पण संशोधकांनी महापालिकेतल्या मृत्यूंच्या नोंदी काढल्या, त्या मे महिन्यात एकूण किती माणसं गेली ते मोजलं आणि इतर वर्षांच्या मे महिन्यांशी ताडून पाहिलं. १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. ही माणसं हृदयविकार, मूत्रपिंड, म्हातारपण अशा नावांखाली गेली होती. २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेनं गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेला बरोबर घेऊन उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. कोणत्या अंशाला कोणता इशारा, कुठं पाणी, कुठल्या बागा दुपारी उघड्या ठेवायच्या, कोणत्या दवाखान्यात बर्फ आणि सलाईन, सगळं आधी ठरवलं.

या कामासाठी अहमदाबादला नवं यंत्र लागलं नाही. जी वही प्रत्येक महापालिकेकडे असते, ती त्यांनी वाचली. महाराष्ट्रात महापालिका क्षेत्रात जन्म-मृत्यूचे निबंधक बहुधा आरोग्य अधिकारीच असतात. म्हणजे शहरात कोण, कुठल्या वस्तीत, कोणत्या वयाचं, कशानं गेलं, हे सगळं त्यांच्याच सहीखालून जातं. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला दर मे महिन्यात ही वही आठवड्याला वाचली जाते का? बहुतेक ठिकाणी ती दाखल्याच्या खिडकीपुरती उरली आहे. वारसाला दाखला मिळाला की नोंदीचं काम संपलं.

आणि त्या नोंदीतलं कारण? रुग्णालयानं भरायच्या चार नंबरच्या फॉर्मवर आजही सर्रास लिहिलं जातं, ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. हृदय आणि श्वास थांबला. प्रत्येकाचाच थांबतो. तो कशानं थांबला, डेंगी होता की क्षय की उष्माघात, ते लिहायचं असतं. डॉक्टरांनो, ही चूक तुमची आहे. आरोग्य अधिकाऱ्यांनो, असा फॉर्म परत पाठवणं तुमचं काम आहे.

पण परत पाठवणार कोण? पद रिकामं असतं. पदावर माणूस असला तरी ‘प्रभारी’, नाहीतर ‘अतिरिक्त कार्यभार’. कधी राज्य सरकारकडून प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी, कधी पालिकेतलाच ज्येष्ठ, आणि दोघांत कोर्टकज्जे. शहराची ओळख होईपर्यंत बदली. शिवाय टेबलावर काय काय आहे पाहा. खासगी रुग्णालयांची नोंदणी, दाखले, प्रसूतिगृहं, दवाखाने, लसीकरण, काही पालिकांत भटकी कुत्री आणि स्मशानभूमीसुद्धा, माहिती अधिकाराचे अर्ज, मंत्र्यांच्या दौऱ्याला रुग्णवाहिका. या रगाड्यात साथीचा नकाशा घेऊन बसायला त्या माणसाकडे वेळ कुठला?

आपल्याकडे जमत नाही असं मात्र मी मान्य करणार नाही. धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला कोविड रुग्ण सापडला. बहुतेक कुटुंबं सार्वजनिक शौचालयांवर, दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं. तिथं मुंबई महापालिकेच्या जी-उत्तर विभागानं वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन दारोदार तपासणी केली, शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली, विलगीकरणात जेवण दिलं. लोक त्या डॉक्टरांना ओळखत होते, म्हणून दार उघडत होते. विभाग कार्यालयाच्या हातात पाणी, सफाई, आरोग्य, पैसा एकत्र आला, आणि साथ आटोक्यात आली. संकट ओसरलं तशी सगळी खाती आपापल्या मजल्यावर परत गेली. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवर आला, मुलं दगावली. कोविडच्या काळात लसी चुकल्या होत्या. कोणत्या गल्लीतली मुलं चुकलीत, हे मानधनावर राबणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांना ठाऊक असतं. त्यांना विचारणारी खुर्ची कायम भरलेली हवी.

अशा खुर्चीला कायद्याचं बळ कसं द्यायचं, ते इंग्लंडमध्ये दिसतं. तिथं १ एप्रिल २०१३ पासून सार्वजनिक आरोग्याचं काम राष्ट्रीय आरोग्य सेवेतून काढून स्थानिक परिषदांकडे दिलं. प्रत्येक मोठ्या परिषदेला सार्वजनिक आरोग्य संचालक नेमणं बंधनकारक. त्या संचालकानं आपल्या भागातल्या लोकांच्या आरोग्याचा अहवाल दरवर्षी स्वतः लिहायचा, आणि परिषदेनं तो छापायचाच, असं कायद्यात आहे. त्या माणसाला काढायचं तर आधी देशाच्या आरोग्यमंत्र्यांशी सल्लामसलत करावी लागते. तिथं पुढं अनुदानाला कात्री लागली, कामं आखडली, हेही खरं. पण लिहायचा हक्क, छापायची सक्ती आणि खुर्चीला संरक्षण हे तीन खिळे पक्के ठोकलेले आहेत.

आपल्याकडे अशा सक्तीची सवय नाही असंही नाही. महाराष्ट्रातल्या महापालिकांना पर्यावरणाचा सद्यःस्थिती अहवाल दरवर्षी ३१ जुलैच्या आत सभागृहापुढं ठेवावा लागतो. तसाच आरोग्याचा अहवाल आरोग्य अधिकाऱ्याच्या सहीनं, आयुक्तांनी एक शब्दही न बदलता, का ठेवू नये? अधिनियमात एक कलम वाढवावं लागेल. विधिमंडळाला ते एका अधिवेशनात जमेल.

पैशाची सबब मला कुणी सांगू नये. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी देशभरातल्या स्थानिक संस्थांना केवळ आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपये ठरवले. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य पालिकांच्या विषयांत लिहून तीस वर्षं उलटली. इमारती उभ्या राहिल्या, दवाखान्यांच्या फिती कापल्या गेल्या. दवाखाना हवाच, माझ्या वस्तीतही हवा. पण आजारी पडलेल्यानं जायची ती जागा. आजारी पडूच नये म्हणून दिवसभर आकडे, नकाशे, पाण्याचे नमुने चाळणारा साथरोगतज्ज्ञ, त्याच्या हाताखाली कीटकशास्त्रज्ञ, एक आकडेतज्ज्ञ आणि एक प्रयोगशाळा, एवढ्यांचा पगार कुठल्याही मोठ्या महापालिकेच्या एका उड्डाणपुलाच्या रंगरंगोटीत निघेल.

महापालिकांची अंदाजपत्रकं स्थायी समितीत येतात तेव्हा नगरसेवक आरोग्याच्या पानावर खाटा आणि रुग्णवाहिका मोजतात. या खेपेला आपल्या नगरसेवकाला गाठा आणि चार प्रश्न हातात द्या. आरोग्य अधिकाऱ्याचं पद कायम आहे की प्रभारी, आणि कार्यकाळ किती? साथरोगतज्ज्ञाचं पद मंजूर आहे का, असल्यास कधीपासून रिकामं आहे? गेल्या वर्षी प्रभागातल्या पाण्याचे किती नमुने तपासले, किती नापास झाले, त्यावर पाणीपुरवठा विभागानं काय केलं? आणि मृत्यूची वही गेल्या महिन्यात कुणी वाचली? उत्तर तोंडी घेऊ नका. सभागृहाच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यायला सांगा.